बाबांच्या झांब्लेचे चाळ

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. भर दुपारी. झुएनुला गावाजवळच्या आमच्या गुरो जमातीच्या वस्तीत, बाबांच्या मयताच्या दिवशी.

बाबा आयुष्यभर झांब्लेचा, म्हणजे आमच्या रानदेवाचा, मुखवटा घालून नाचले. हरणाची शिंगं, बिबट्याचा जबडा. तो मुखवटा त्यांच्या झोपडीत टांगलेला होता.

पण मयताच्या नाचासाठी थोरला भाऊ वानिए नवाच घेऊन आला. चकचकीत रंगाचा.

इरिएकाका म्हणाले, याला अजून कोंबडा दिलेला नाही, हे नुसतं लाकूड आहे.

वानिए हसला. "काका, आबिजान शहरातून पाहुणे आलेत. तो किडका मुखवटा दाखवून लाज घालवू का?"



मी ढोलावर होतो. बासरीने हाक दिली. वानिए रिंगणात आला, जोरात पाय आपटू लागला.

आणि...

त्याच्या पायातले चाळ वाजेचनात.

धूळ उडत होती. आवाज नव्हता.

मग बाबांच्या झोपडीतून आला...

छम छम... छम.

दोन पावलं झटक्यात, तिसरं रेंगाळत. असे फक्त बाबाच नाचायचे.

आई उठून उभी राहिली. शांतपणे म्हणाली, "ते आलेत. वाट द्या त्यांना."

सगळं गाव झोपडीकडे वळलं. वानिएकडे पाठ करून.

तो रिंगणात एकटा. घाबरून त्याने मुखवटा ओरबाडून काढला. बायकापोरांसमोर, भर रिंगणात! आमच्यात नाचणाऱ्याचा चेहरा त्यांना दिसू देत नाहीत; असं कुणी कधी केलं नव्हतं. काकांनी धावत जाऊन त्याच्या डोक्यावर फडकं टाकलं. मी ढोलामागे तोंड लपवलं.

झोपडीतला आवाज थांबला.

झोपडीच्या दाराला बाहेरून दोर बांधलेला होता. तो सोडून आम्ही आत गेलो.

कुणी नव्हतं.

मुखवटा जागेवरच होता. आतून ओला... घामाने भिजल्यासारखा.

वानिएने त्याच्यापुढे कोंबडा कापला, माफी मागितली. गावात त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. तेच त्याला लागलं. तो गाव सोडून गेला.

आता काका म्हणतात, तू घाल. एकदा मी तो तोंडाजवळ नेलासुद्धा.

लाकूड कोमट होतं. आतून कुणाचा तरी श्वास गालाला लागला...

मी तो परत टांगला. काकांना कारण सांगितलं नाही.

अजूनही काका रस्त्यात दिसले की मी खाली बघून निघून जातो.