पाटीची मागची बाजू

पेंटरचं अक्षर असं होतं, की ज्याला वाचता येत नाही तोसुद्धा घटकाभर थांबून बघत राही. त्याच अक्षरानं आपलं घर बुडवलं असं तो म्हणे. ऐकणारे मान हलवत आणि मागे म्हणत, दुःखानं बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

वस्तीच्या मागे दगडाची जुनी खाण होती. काम बंद पडलं, खड्डा पाण्यानं भरला. वरून हिरवं, गप्प पाणी. तळ कुणी पाहिलेला नाही. तिथे लावायची पाटी पेंटरनंच रंगवली होती. ‘खोल पाणी. पुढे जाऊ नये.’ लाल अक्षरं, त्यांना पिवळी छाया आणि चारी बाजूंनी निळी किनार. त्याची लेक तेव्हा चार वर्षांची होती. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती सरळ चालायचीच नाही, गोल गोल फिरत पुढे जायची. डावं पाऊल जरा आत वळलेलं. बाबांची कुठलीही पाटी दिसली की तिला अक्षरांवरून बोट फिरवायचं असे. वाचता कुठे येत होतं? एका दुपारी ती बाबांची निळ्या किनारीची पाटी बघायला एकटीच गेली, आणि संध्याकाळी पाटीच्या खांबाशी तिची एक चप्पल सापडली.

महिन्याभरानं पावलं यायला लागली.

उजाडताना बायको दार उघडायची, तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंत छोटी ओली पावलं उमटलेली असत. डावं आत वळलेलं. उंबऱ्याशी येऊन थांबलेली, आत मात्र कधीच नाहीत. शेवाळाचा थंड वास दारात रेंगाळत असे. पहिल्या दिवशी पेंटरनं नळ तपासला, छत तपासलं, मग चोरून बायकोच्या पायांकडे पाहिलं. ते कोरडे होते. बायको भिंगरीचा लहानसा टॉवेल घेऊन खाली बसे आणि पोरीचेच पाय पुसत असल्यासारखं एकेक पाऊल टिपून घेई. मग उठून चहा टाकी. तेवढ्या टिपण्यावर ती दिवस काढत होती, आणि खरं सांगायचं तर तोही.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगून तरी काय, ऊन आलं की अंगण कोरडं.

एक दिवस बालवाडीच्या बाई त्याच्या दुकानात आल्या. वर्गातली दोन पोरं खाणीच्या काठावरून धरून आणली होती, त्याचा धसका त्यांच्या तोंडावर होता. तुमची पाटी वाचणाऱ्यांसाठी आहे, त्या हळूच म्हणाल्या, आणि माझी पोरं तर अजून रेघोट्याच मारतात. न वाचताही कळेल असं काही काढता येईल का? पेंटरला कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. ही गोष्ट आधी सुचली असती तर, हा विचार त्याला त्या रात्री झोपू देईना.

त्यानं कवटी काढली. बालवाडीत नेऊन दाखवली, तर पोरं खिदळली. एकजण म्हणाला, आजोबांची कवळी. नाग काढला, तर एका पोरीनं त्याचं नाव गुंड्या ठेवलं आणि तो घरी न्यायचा हट्ट धरला. वाघावर बसायला तर रांगच लागली. मोठी माणसं ज्याला बघून दचकतात ते सगळं शिकलेलं असतं, हे पेंटरच्या ध्यानात आलं. त्याला हवं होतं ते न शिकवता कळणारं.

मग एका दुपारी त्यानं डोकं चालवणंच सोडलं. डोळे मिटून भिंगरीनं शेवटी काय पाहिलं असेल ते आठवायला बसला, जे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. हात आपोआप चालला. उंच, काळं, वरून पुढे झुकलेलं काहीतरी, पाळण्यावर वाकावं तसं. मान नाही. वर दोन पांढरी भोकं, एक दुसऱ्याहून जरा खाली. बस, एवढंच.

पोरांसमोर ते धरलं आणि वर्ग गप्प झाला. कुणी रडलं नाही. सगळी एकदम एक पाऊल मागे सरली. बालवाडीच्या मदतनीस मावशींच्या कडेवरचं दीड वर्षाचं पोर खांद्यात तोंड खुपसून बसलं. खिडकीखालचं कुत्रं मात्र खुशाल झोपलं होतं.

“काय आहे हे?” बाईंनी विचारलं.

“मलाही माहीत नाही.”

“मी हे पाहिलंय... पण कधी ते आठवत नाही. पोटात असताना पाहिल्यासारखं वाटतं.”

पाटी दोन्ही अंगांनी रंगवायची, ही पेंटरला त्याच्या गुरूनं लावलेली सवय. मागून कोरा राहिलेला पत्रा गंजतो, आणि रस्ता दोन्हीकडून चालतो, असं गुरू म्हणे. जित्याची खोड. त्यानं तेच चित्र मागेही काढलं, जुन्या पाटीच्या जागी नवी ठोकली आणि तिच्याकडे पाठ करूनच घरी आला.

पाटीनं काम चोख केलं. पोरं खाणीची वाट विसरली. मोठी माणसंसुद्धा लांबून वळसा घालू लागली. विचारलं तर म्हणत, उगाच, तिकडे ऊन फार लागतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून अंगण कोरडं.

बायको रोज टॉवेल घेऊन दारात बसे आणि तशीच उठे. पाचव्या दिवशी तिनं चहा टाकला नाही. आठव्या दिवशी पेंटर उजाडताच खाणीवर गेला. नजर जमिनीवर ठेवून, काठाकाठानं, तो पाटीच्या मागे पोचला. पाण्यातून पावलं वर आली होती. पाटीपासून हातभर अंतरावर थांबली होती. तिथला चिखल तुडवून तुडवून मऊ झाला होता, बराच वेळ कुणी जागच्या जागी उभं राहिल्यासारखा. मग तीच पावलं परत पाण्यात. एकावर एक, आठ दिवसांची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. बायको म्हणाली, काढून टाका ती पाटी. त्यानं बालवाडीतल्या पोरांची आठवण करून दिली, उद्या दुसऱ्या कुणाची चप्पल सापडली तर काय करायचं, असं विचारलं.

“तुमचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण मला बरोबर नकोय. मला ती हवीय.”

दोघंही रडली. आणि मग पेंटरला मागची बाजू सुचली. रस्त्याकडची राहू दे. पाण्याकडची पुसून टाकू.

भर दुपारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन तो गेला. आपल्याच हातचं चित्र, पण डोळे उघडे ठेवून ब्रश लावता येईना. चाचपडत दोन हात मारले. कोऱ्या पत्र्याकडे पाहताना त्याला वाटलं, नुसतं पांढरं बघून पोर बुजेल. तान्हं मूलसुद्धा कशाला बघून हसतं? एक गोल, दोन डोळे, हसरी रेघ. त्यानं तेच काढलं, बायकोला मनात आणून. तिच्या हनुवटीवर उजवीकडे तीळ होता. पण ब्रश होता जाड, पांढरा रंग ओला, तीळ फिसकटला असता. तो राहिला. तुझाच चेहरा काढलाय, एवढं त्यानं घरी येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो जागा झाला, तेव्हा बायको दारात उभी होती.

“आली,” ती म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती हसत होती.

उंबऱ्याशी डावं आत वळलेलं ओलं पाऊल होतं. पेंटरनं हात जोडले. मग उजेड जरा वाढला आणि अंगण दिसलं.

पावलं होती. अंगणभर. भिंगरीएवढी, तिच्याहून लहान, काही रुंद, एक सहा बोटांचं. सगळी उंबऱ्याकडे तोंड करून थांबलेली. भिंगरीखेरीज याआधी खाणीत दोन पोरं बुडाल्याचं वस्तीला ठाऊक होतं. बायको पुटपुटत मोजत होती. अकराव्या जोडीवर थांबली.

“तीळ काढला होतात ना?”

“नाही... ब्रश जाड होता.”

“मग तो माझा चेहरा कुठे राहिला?” ती म्हणाली. “ज्याला त्याला आपलीच आई दिसणार.”

तिनं आधी भिंगरीची पावलं टिपली. मग शेजारची. मग त्यामागची. टॉवेल चिंब झाला. तो पिळताना तिचे डोळे वाहत होते.

“एवढ्यांना एक टॉवेल कसा पुरायचा हो?”

दुसरा आणायला पेंटर आत वळला आणि उंबऱ्याच्या आतच त्याचा पाय घसरला. फरशी ओली होती. तिथे पावलं नव्हती. दोन इवलेसे तळवे, त्यांच्यामागे दोन गुडघे, पुन्हा दोन तळवे. उंबऱ्याशी थांबायचं असतं हे ज्याला अजून कळत नाही, असं कुणीतरी रांगत गेलं होतं. रांगतं मूल हरवल्याचं वस्तीत कुणी कधीच बोललं नव्हतं.

ओली रांग स्वयंपाकघरावरून आतल्या खोलीत गेली होती, भिंगरीचा तान्हेपणीचा पाळणा ठेवला होता तिथे. परत येणारी रांग नव्हती. पाळण्यावर घातलेली चादर मधोमध ओली झाली होती आणि खाली दबली होती.

“मिळाला का टॉवेल?” बाहेरून बायकोनं विचारलं.

पेंटर पाळण्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं कपाट उघडलं आणि त्यातल्या त्यात मऊ टॉवेल शोधायला लागला.