बकुळा लघाटेचं खातं

बिजौलीतल्या एका वॉल्व्हच्या कारखान्यात अहिल्या भागवत कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. माणूस कामावर लागला की त्याचं खातं उघडायचं, कामापुरतीच परवानगी द्यायची आणि नोकरी सुटली की त्याच दिवशी खातं बंद करायचं. अकरा वर्षांत तिच्या हातून यात एकदाही चूक झाली नव्हती.

२०१६च्या मार्चमध्ये वार्षिक तपासणी करताना एक खातं जास्तीचं निघालं. नाव बकुळा लघाटे. ना अर्ज, ना हजेरीपटावर नाव. या नावाचं इथे कधी कुणी नव्हतंच, असं मालक मधुसूदनजींनी सांगितलं. अहिल्याने खातं बंद केलं. सकाळी ते उघडं होतं. कुणी उघडलं, तो रकाना कोरा. बाहेरून कुणी शिरलं असेल म्हणून तिने सगळ्यांचे पासवर्ड बदलले. चार दिवस ती बंद करत राहिली आणि ते उघडत राहिलं. चोरी म्हणावी तर तसंही काही नाही. ते रोज फक्त बॉयलरचा दाब बघायचं.

पाचव्या दिवशी मधुसूदनजींनी बजावलं, संध्याकाळपर्यंत ते कायमचं पुसून टाका.

दुपारी पावणेतीनला चालता बॉयलर कॉम्प्युटरवरून बंद झाला. फोरमन यशवंत तणतणत वर आला.

"दीदी, बंद किसने किया?"

नोंद त्याच खात्याची होती. ती काही बोलणार तोच खालून हाका आल्या. वाफेच्या मुख्य नळीला वीतभर चीर गेली होती. त्या नळीखालीच सहा जण काम करत होते.

संध्याकाळी सहाही जण आपापल्या घरी गेले. अहिल्याने खातं पुसलं नाही, आणि मालकांनीही पुन्हा विषय काढला नाही.

ऑगस्टमध्ये बॉयलरच्या देखरेखीला नवी मुलगी रुजू झाली. गरौठा गावची, पहिलीच नोकरी. अर्जावरचं नाव अहिल्याने दोनदा वाचलं : बकुळा लघाटे.

"बकुळा, या कारखान्यात आधी कधी आली होतीस?"

"नाही दीदी. बिजौलीत तर पहिल्यांदाच आले."

तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. अहिल्याने तिला शेजारी बसवलं आणि ते खातं तिच्या हवाली केलं.

"तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसेल असा पासवर्ड टाक."

मुलीने क्षणभर विचार केला आणि टाकला.

पडद्यावर अक्षरं उमटली : हा पासवर्ड आपण पूर्वी वापरला आहे. कृपया नवा निवडा.

बकुळाने हसून दुसरा टाकला.

तोही वापरलेला होता.