पिशवीवर आधी आईचं नाव

"अहो! काय करताय काय तुम्ही?"

गहूताई बांधावरून अशी सुसाट धावली की ओढणी मागे आणि ती पुढे! तिच्या गव्हाच्या वाफ्यात एक अनोळखी तरुण उभा होता. आणि त्याच्या हातात, अरे देवा, ओंब्यांवरून काढलेल्या कागदी पिशव्यांचा गठ्ठा!

"पावसानं भिजल्या होत्या ना..." तो अगदी साळसूदपणे म्हणाला. "गुदमरत होत्या बिचाऱ्या ओंब्या. म्हटलं, मोकळ्या कराव्यात."

"मोकळ्या? आता वाऱ्यावरून कुठलाही पराग येऊन बसेल त्यांच्यावर! माझं अख्खं वर्ष गेलं!"

ती मटकन खाली बसली. कडक उन्हातही भरघोस पिकेल असा गहू तिला घडवायचा होता. त्यासाठी चिमट्यानं फुलाफुलातले पुंकेसर काढून तिनं पिशव्या चढवल्या होत्या. उद्या हवा तोच पराग लावायचा होता. यंदा दाणे मिळाले नाहीत, तर तिची संशोधन संस्था हा प्रयोगच गुंडाळणार होती.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो होता घड्याळजी. शेतातल्या हवामान-पेटीचं बंद घड्याळ दुरुस्त करायला आलेला.

"एकही ओंबी उरली नाही?"

"उशिरा फुलणाऱ्या आहेत थोड्या. पण एकटीनं..."

"चिमटा द्या इकडे."

आणि काय सांगू, इतकी हलकी बोटं तिनं आयुष्यात पाहिली नव्हती! ती रागावलेलीच होती हं... पण बघत होती. चोरून.

मग तो रोज सकाळी येऊ लागला.

"दुकान बंद ठेवलंत तर गिऱ्हाइकं पळतील."

"पळू देत. घड्याळं मीच दुरुस्त केलीयत, वेळेवर परत येतील!"

ती खुदकन हसली. तेवढ्यात बाबांचा फोन, हातात चिमटा म्हणून स्पीकरवर. "काय गं, लग्नाचं मनावर घेतेस की नाही?"

"बाबा, सकाळपासून लग्नंच लावतेय!"

"हो, गव्हाची! स्वतःचं सोडून सगळ्या जगाची!"

घड्याळजीनं ऐकलं. त्याचे कान लालबुंद!

ओंब्या पिकल्या. तिनं पहिली पिशवी फाडली... दाणे! सुरकुतलेले, इवलेसे, पण दाणे! पुढच्या पेरणीपुरते नक्की. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तो पिशवीवर लिहिलेली दोन वाणांची नावं निरखत होता. "यात आधी कुणाचं नाव?"

"आईचं. नेहमीच. बापाचं मागाहून."

"बरी पद्धत आहे." तो घुटमळला. "मग... आपल्या पत्रिकेवरही तुमचंच नाव आधी घालू या?"

वारासुद्धा थांबला असेल बघा!

गहूताईनं एक नवी कोरी पिशवी घेतली, टाचा उंचावल्या आणि ती सरळ त्याच्या डोक्यावर ठेवली.

"हे काय?"

"दुसरा कुठला पराग उडून यायला नको," ती लाजत म्हणाली. "आणि ही... ही मात्र काढायची नाही हं!"