घरच्यासारखी

"दोन खोल्या, पाच पाहुणे आणि सोबत एक स्वयंपाकीण... बरोबर ना?"

फोन भाच्याचा होता. तो अंघोळीला गेलेला, फोन वाजून वाजून थकला, म्हणून आत्याने इस्त्री उभी करून तो उचलला होता. पलीकडे फार्मस्टेच्या मालकीणबाई होत्या. शनिवारच्या बुकिंगची एकदा खात्री करून घेत होत्या.

स्वयंपाकीण? क्षणभर आत्याचं अंतःकरण आनंदाने भरून आलं! त्या फार्मस्टेवर भाजी मळ्यातली, भांडी त्यांची, पण रांधायचं ज्याचं त्याने, हे तिला ठाऊक होतं. सुट्टीतही आत्याच्या पाठी चूल लागू नये म्हणून पोराने गुपचूप बाई ठरवली की काय... आणि इतके दिवस चकार शब्द काढला नाही, वेडा कुठला!

"हो, हो, बरोबर," ती हसत म्हणाली. "त्या बाईंची झोपायची सोय नीट आहे ना हो?"

"आहे की. मागे गोठ्याला लागून खोली आहे. कोणाचा ड्रायव्हर नाहीतर स्वयंपाकी आला की त्यांना देतो आम्ही. फक्त पांघरूण त्यांचं त्यांना आणायला सांगा. आणि पायऱ्या जरा उंच आहेत, चढतील ना? वय झालंय म्हणाले साहेब. त्यांच्या लहानपणापासून त्यांच्याकडेच आहेत म्हणे... अगदी घरच्यासारख्या!"

घरच्यासारख्या...

भाचा, सून, नात, आणि ऐनवेळी यायचं ठरवलेले सुनेचे आईवडील. पाच पाहुणे तिथेच पुरे झाले. उभ्या इस्त्रीतून वाफ निघत होती आणि शेजारी भाच्याचा शर्ट एका बाहीने कडक, एका बाहीने चुरगळलेला पडला होता.

"चढेल ती," आत्या म्हणाली. "पांघरूणही आणेल."

आणि हा फार्मस्टे शोधला होता कोणी? तिनेच! उभी हयात तिने बस स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत काढली. कुठली गाडी कुठे लागते, कुठे उतरून कुठली धरायची, हे सांगून सांगून तिने हजारो लोकांना सुट्टीवर धाडलं, आणि स्वतः कधी त्या खिडकीच्या पलीकडे गेली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. निवृत्त झाल्यावर एकदाच तिच्या तोंडून निघून गेलं, "कुठेतरी हिरवळीत जाऊन नुसतं बसावंसं वाटतं रे." भाचा म्हणाला होता, "तूच शोध आत्या! तुला आवडेल तिथे जाऊ."

मग रोज संध्याकाळी आजी आणि नात फोनवर डोकं लावून बसत. एका ठिकाणी पोहण्याचा हौद होता, पण गवत प्लास्टिकचं. एका ठिकाणी फोटो सगळे मालकाचेच, शेताचा पत्ता नाही! अखेर हे घर सापडलं. बसकं छप्पर, टोमॅटोचे वाफे, आणि खाटेला लागून एक खिडकी, तिच्यातून तळं दिसत होतं. "ही खाट माझी बरं का," तिने नातीला बजावून ठेवलं होतं. पण खोल्या दोनच, आणि पाहुणे पाचच घेत. व्याही-विहीण येतो म्हणाले आणि जागा कमी पडली. आता कमी कोणाला करायचं? व्याह्यांना नाही म्हणायची छाती नव्हती. आत्या कशालाच नाही म्हणत नाही, हे मात्र त्या घरात लहानथोर सगळे जाणून होते.

बाळंतपणात भावजय गेली आणि वर्षाच्या आत भाऊही परदेशी कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही, तेव्हा हा तळहाताएवढा जीव तिच्या मांडीवर होता. तिचं लग्न ठरलेलं होतं. माणूस भला होता, गाडी कुठली ते माहीत असूनही रोज खिडकीशी येऊन तिलाच विचारायचा! त्याच्या घरच्यांनी सांगितलं, मुलगी हवी, मूल नको. ती त्या खिडकीत बसून राहिली, आणि एक दिवस तो भला माणूस खरोखरच गाडी धरून निघून गेला. त्याचं दुःख तिने कधी उगाळलं नाही. मिळालं ते काही थोडं नव्हतं... असं आजवर वाटत होतं.

भाचा केस पुसत बाहेर आला. "आत्या, फोन कोणाचा होता गं?"

"फार्मस्टेचा. सगळं बरोबर आहे ना, विचारत होत्या."

टॉवेल चालवणारा त्याचा हात थांबला. "आणखी काही म्हणाल्या?"

आत्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बोल रे बाळा... आता तरी बोल! एक शब्द बोललास तर मी सगळं गिळून टाकेन, आजवर काय थोडं गिळलंय? पण त्याने नजर चुकवली.

"नाही," ती म्हणाली.

"मग ठीक," तो म्हणाला आणि अर्ध्या इस्त्रीचा शर्ट उचलून आत गेला.

शनिवारी गाडी मळ्याच्या फाटकातून आत शिरली. सगळे आळोखेपिळोखे देत उतरत होते, नात तळ्याकडे धावत होती, आणि आत्या आपली पिशवी उचलून, कोणाला काही न विचारता, घराला वळसा घालून मागच्या खोलीकडे चालू लागली.

"अगं आत्या, तिकडे कुठे?" भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझी सोय तिकडे आहे ना?" ती शांतपणे म्हणाली आणि त्या उंच पायऱ्या एक एक करून चढली.

मालकीणबाई कामसू आणि मोकळ्या होत्या. त्यांनी तिला भाज्यांची टोपली दिली, भांडी दाखवली, "मावशी, काही लागलं तर हाक मारा" म्हणाल्या. त्यांचा काय दोष? आत्याने बाह्या सारल्या. भाजी चिरली, भात टाकला, आणि दुपारी ओसरीवरच्या लांब टेबलावर वाढू लागली. सगळे बसले. ती बसली नाही.

"ताई, तुम्ही पण बसा की आमच्याबरोबर," विहीणबाई म्हणाल्या. "आपण सगळे आपापल्या हाताने घेऊ."

"आजी, बस ना! ही बघ खुर्ची!" नात मोठी खुर्ची ओढत होती.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या मालकीणबाई हसल्या. "बाळा, मावशींना काम करू दे. त्या मागाहून जेवतील."

"ती मावशी नाहीये! ती माझी आजी आहे!"

मालकीणबाई गोंधळून एकाकडून दुसऱ्याकडे पाहू लागल्या. सून ताटात बोटं फिरवत राहिली. व्याह्यांनी घास खाली ठेवला. "जावईबापू, हा काय प्रकार?"

आत्या भाताचा डाव हातात धरून उभी होती. हीच वेळ होती. चूक झाली, एवढंच त्याला म्हणायचं होतं! पण मालकीणबाईंपुढे खोटा ठरायची लाज, सासऱ्यापुढे उघडा पडायची लाज... तो कसनुसा हसला.

"काही नाही हो बाबा. त्या... त्या अगदी घरच्यासारख्याच आहेत."

फोनवर ऐकलेला घाव परक्या तोंडून आला होता. हा तिने भरवलेल्या तोंडून आला! पण आत्याच्या हातातला डाव हलला नाही. तिने त्याच्या ताटात भात वाढला.

"आणखी वाढू का, साहेब?"

त्याच्याने तो भात गिळवला नाही.

ती मागच्या अंगणात भांडी घासत होती तेव्हा तो आला. मघाचा साहेब कुठेच नव्हता, शाळेतून मार खाऊन आलेलं पोर समोर उभं होतं.

"आत्या... असं नको ना करू. ते नुसतं बुकिंगपुरतं होतं गं! दोनच खोल्या होत्या. रात्री तुला आत आणणारच होतो मी, आमच्याच खोलीत खाली गादी घालून..."

"चोरून?"

त्याने घासलेलं एक पातेलं उगाच उचलून पालथं घातलं.

"मालकीणबाईंची नजर चुकवून घरात घेणार होतास मला? अरे, जागा नव्हती तर मला सांगायचंस! मी म्हटलं असतं, जा तुम्ही, मी घर सांभाळते. हसत म्हटलं असतं रे! घरी राहिलेली आत्या तरी उरले असते. तू मला बरोबर आणलंस आणि आत्या ठेवलं नाहीस..." इतका वेळ अडवून धरलेला बांध फुटला, राखेने भरलेले हात तसेच तोंडाशी नेऊन ती हमसून हमसून रडू लागली.

तो तिच्या पायांशी कोसळला. मग एकाएकी उठला, तिचा राखेचा हात धरून तिला ओढतच ओसरीवर घेऊन गेला. सगळे तिथेच सुन्न बसलेले होते.

"मालकीणबाई, मी तुमच्याशी खोटं बोललो!" तो म्हणाला. "ह्या स्वयंपाकीण नाहीत. ही... ही माझी आई आहे!"

विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. कोणालाही वाटलं असतं की आता आत्या विरघळणार, त्याला पोटाशी धरणार. पण तिने अलगद आपला हात सोडवून घेतला.

"नको रे. आई तुझी गेली, ती बिचारी फार चांगली होती, तिची जागा तिच्याकडेच राहू दे. मी आत्या आहे. मला उंच बसवू नकोस... आत्या म्हणून मोजलं असतंस ना, तेवढ्यावर जन्म काढला असता मी."

मग व्याहीच उठले आणि आपली बॅग खोलीतून बाहेर काढू लागले, पण भाच्याने त्यांना थांबवलं. बायको, मुलगी आणि आत्या एका खोलीत, आणि तो स्वतः गोठ्यालगत, असं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा आत्या 'राहू दे, मला चालेल' म्हणाली नाही. सुनेने मान खाली घालून तिची पिशवी आत नेली, तळ्याच्या खिडकीशी असलेल्या खाटेवर चादर घातली, आणि "आत्या, मला माहीत होतं, मीही बोलले नाही," एवढंच कसंबसं म्हणाली.

खोलीच्या दाराशी भाचा घुटमळत होता. "माफ केलंस ना, आत्या?"

'असू दे रे' हे शब्द जन्मभराच्या सवयीने तिच्या ओठांशी आले. तिने ते परतवले.

"नाही केलं. मला सोपं नाहीये हे. तू विचारत जा. झालं की सांगेन."

सकाळी तळ्यावर ऊन उतरलं होतं. आत्या ओसरीच्या बाकावर बसली होती, हात मांडीवर रिकामे, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. अंगभर डास चावलेला भाचा चहाचे दोन कप घेऊन आला. एक तिच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"आत्या?"

तिने चहाचा घोट घेतला. साखर जास्त झाली होती.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि सरकून त्याला बसायला जागा करून दिली.