कुणी ठरवलं?

मेलेल्या माणसाचा नंबर कॉम्प्युटरमधून कोण काढतं? कराडच्या त्या दवाखान्यात मी सगळ्यांना विचारलं.

१९९८ सालातली पौष अमावास्या. माझ्या थोरल्या भावाची, दादाची चादर आणि जेवणाचा डबा दवाखान्यातच राहिला होता, ते आणायला मी उंब्रजहून गेलो. परतीची एसटी चुकली. फाटकापाशी शेकोटीला बसलो. म्हातारा वॉचमन बिराप्पा तिथं पेशंटांच्या पोरांना सांगत होता.

"आदी आपरेशनचा नंबर खडूनं फळ्यावर लिवायचे. आता कॉम्प्युटर आलाय. नातेवाईक व्हय म्हणला की नंबर पक्का. पर रातीला त्या खोलीत कोण तरी बसतंय गड्या. आपरेशनचा हिरवा झगा घालून. बंद कॉम्प्युटर आपसूक पेटतोय."

"आन् काय करतंय? गेम खेळतंय व्हय?" एक जण हसला.

"इचारतंय. त्या यंत्रालाच. माजा नंबर तू का लावलास?"

मी दादाची चादर अंगाभोवती ओढून घेतली.

दादाच्या पित्ताशयात खडे होते. "सृष्टी सांगलीहून येऊ दे. लेकीचं तोंड बघतो, मग करू," असं तो म्हणाला होता. पण आमच्या उसाला तोडणीची टोळी येणार होती. मला घर गाठायचं होतं, म्हणून त्याला न सांगताच मी नंबर लावायला गेलो.

"पेशंटला विचारलंय ना?" कॉम्प्युटरवरच्या पोरानं विचारलं.

"व्हय. घाल नंबर." त्यानं संमतीपुढं 'होय' घातलं. मी अंगठा दिला.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून दादा म्हणाला, "कुणी ठरवलं रं?"

"कॉम्प्युटरनं."

त्याला ते खरं वाटलं. टेबलावरच गेला.

मी शेकोटीपासून उठलो.

"आरं, तिकडं नगं जाऊ," बिराप्पा म्हणाला.

कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत अंधार. खुर्ची पाठमोरी. मग कॉम्प्युटरचा पडदा उजळला. निळा. कुणीतरी श्वास घेत होतं... हळू...

"दादा..."

श्वास थांबला.

"कॉम्प्युटरनं न्हाई ठरवलं... मी."

पडदा विझला. खुर्चीत कुणी नव्हतं.

सकाळी कॉम्प्युटरवरच्या पोरानं यंत्र चालू केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. दादाच्या नावापुढं संमतीच्या 'होय'चं 'नाही' झालं होतं.

"मी तर हात लावला नाही," तो पुटपुटला आणि पुन्हा 'होय' करायला गेला.

मी त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. दादाचं हाय ते."