फोटोतला मध

"इथे कुणी येणार आहे का?"

तिने मान वर केली. समोर एकजण उभा होता. चष्मा डोक्यावर सरकवलेला, शर्टाच्या बाहीवर पांढरी भुकटी आणि चेहऱ्यावर सपाटून लागलेली भूक... रेस्टॉरंट खचाखच भरलेलं, फक्त तिच्यासमोरची खुर्ची तेवढी रिकामी.

"बसा ना," ती म्हणाली आणि पर्स उगाचच जवळ ओढून घेतली.

मेन्यूकार्ड न उघडताच त्याने वेटरला सांगितलं, "बाहेरच्या बोर्डावर आहेत ना मधाचे पॅनकेक, तेच आणा." मग तिच्याकडे वळून, जरासं ओशाळून म्हणाला, "महिनाभर कामावर जाताना रोज तो फोटो बघतोय. म्हटलं, आज होऊन जाऊ दे."

तो फोटो तिचा होता. एखाद्या रेस्टॉरंटसाठी काढलेला तिचा पहिलावहिला फोटो. तो बघून आत येणाऱ्यांचे चेहरे कसे दिसतात, एवढं बघायलाच ती आज आली होती. आणि त्यातलाच एक चेहरा समोर येऊन बसला होता — आधी डोळ्यांनी हसणारा, ओठांनी नंतर.

"इतका छान आहे फोटो?" तिने अगदी सहज विचारलं.

"अहो, त्या मधाकडे बघता बघता एकदा माझी बस चुकली."

ती पाण्याच्या ग्लासात हसली.

पॅनकेक आले. तीन चपट्या, गार चकत्या. मध कुठेतरी तळाशी मुरलेला, क्रीम वितळून कडेला लागलेलं. त्याने ताटली फिरवून बघितली, जणू पलीकडची बाजू जरा बरी असेल. तिचं ऑम्लेट वर करपलेलं, आत कच्चं.

"आजारी आहेत का हे?" त्याने हळूच विचारलं.

"पांघरूण घालून निजवा त्यांना."

तो इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरच्या आजी वळून बघायला लागल्या. मग अर्धा पॅनकेक तिच्या ताटलीत आला, ऑम्लेटची त्यातल्या त्यात बरी बाजू त्याच्याकडे गेली. तिचा टोस्ट त्याने टेबलावर वाजवून पाहिला.

"मी कवळ्या बनवतो," तो म्हणाला. बाहीवरची भुकटी म्हणजे साच्यांचं प्लास्टर होतं. "हा टोस्ट बघितला आणि खात्री पटली, आपला धंदा काही बुडत नाही. पण तो फोटोवाला एकदा भेटायला हवा मला. शुद्ध फसवणूक आहे ही."

तो हसतच म्हणाला, पण तिने उचललेला घास परत ताटलीत ठेवला. मालक टेबलाटेबलावर जाऊन विचारपूस करत होते. आता ते आजींपाशी होते, पुढचं टेबल यांचंच. येतील आणि म्हणतील, या आमच्या फोटोवाल्या बाई. मग याला वाटेल, ही इतका वेळ गंमत बघत बसली होती. अर्ध्या तासापूर्वी ज्याची ओळखही नव्हती, त्याच्या मनातून उतरायची तिला चक्क भीती वाटायला लागली.

"तो फोटो मी काढलाय," ती म्हणाली. मग एका दमात, "चकत्यांच्या मध्ये पुठ्ठा होता. क्रीम म्हणजे दाढीचा फेस. आणि खरा मध लगेच मुरतो, म्हणून... इंजिन ऑईल."

"म्हणजे महिनाभर मी इंजिन ऑईलसाठी लाळ गाळत होतो?"

"हो... रागावलात?"

त्याने काटा खाली ठेवला.

"कवळीतला समोरचा एक दात मी किंचित तिरका बसवतो," तो म्हणाला. "सगळे ओळीत बसले, की खोटे आहेत हे लगेच कळतं. आता सांगा, मी कुठल्या तोंडाने रागावणार?" मग थांबून, "पण तुम्ही नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

"नसतं चाललं."

"का?"

ती ताटलीतले पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. "मग पुढच्या वेळी सांगावं लागलं असतं."

"पुढच्या वेळी..." तो हळूच म्हणाला. आज पहिल्यांदाच काहीतरी चवीचं मिळाल्यासारखा.

तेवढ्यात मालक आलेच. "काय फोटोवाल्या बाई, पाहुण्यांना आवडलं ना?"

"फोटो फारच सुंदर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमच्या स्वयंपाक्याला एकदा दाखवा."

हसावं की नाही, हे मालकांना ठरवता येईना.

बाहेर लख्ख ऊन होतं. दोघांपैकी कुणाचंही पोट भरलं नव्हतं आणि कुणालाच घरी जायची घाई नव्हती. कोपऱ्यावर केळी मिळाली. ती खात दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

"पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं.

"चालेल. पण इथे नको."

तो तिच्याकडे बघत होता. ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं — डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकावरचा जुना व्रण, सगळं उघडं पाडणारं. कुठल्या बाजूने आपण बऱ्या दिसतो, ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? सवयीने मान वळायला निघाली...

तिने ती वळू दिली नाही. केळं सोलत, हसत, ती त्याच्यासमोर तशीच बसून राहिली.