उतरती मात्रा

नागपूरच्या हृदय-प्रयोगशाळेत श्रीधरराव देवपुजारी रक्ततपासणीच्या निकालाची वाट पाहत बसले होते. चाळीस वर्षं सिगारेट ओढून झाली होती आणि आता हृदयाची झडप बदलायची होती. रक्तात निकोटीन असेतो शस्त्रक्रिया नाही, असं डॉ. मेश्राम यांनी बजावलं होतं. सिगारेट सुटावी म्हणून त्यांनी दिलेली, निकोटीनची वाफ सोडणारी बाष्पनळी श्रीधररावांनी गेले दोन महिने इतक्या आवडीने ओढली होती, की नापास होण्याची त्यांना खात्रीच होती. शेजारी त्यांच्या पत्नी निर्मलाताई नजर चुकवत पदराशी चाळा करत होत्या. हे लक्षण काही बरं नव्हतं.

डॉक्टर आल्या त्या चक्रावूनच.

"निकोटीन शून्य! तुम्हाला सहा महिने लागतील असा माझा अंदाज होता."

"शून्य? अहो, मी तर दिवसभर ओढतोय!"

"नळी बोटांतून नाडी वाचते. झुरक्यानंतर नाडी शांत असली, तर मात्रा केसभर उतरवते, मेंदूला पत्ता लागू नये म्हणून. नाडी उधळली, तर धोका समजून एकदम दहावा हिस्सा छाटते."

"तरीच मध्यंतरी पंधरा दिवस मी सगळ्यांवर डाफरत होतो!"

"पण चाळीस वर्षं मुरलेलं हृदय एवढ्याशा मात्रेला उधळत नाही. नळीच्या नोंदीत सुरुवातीला ते रोज सकाळी सहाला उधळलंय. हे हृदय तुमचं नाही."

"सहाला मी आंघोळीला असतो," श्रीधरराव म्हणाले आणि सावकाश बायकोकडे वळले.

"मीच ती," निर्मलाताईंनी मान खाली घातली. "म्हटलं, यांच्या काळजात जातं ते आहे तरी काय! एक झुरका मारून बघायची. आधी छातीत धडधडायचं. तीन आठवड्यांपूर्वी ते थांबलं, तेव्हा कळलं, मलाही सवय लागली. चहाच्या आधी नळी आठवते हो!" त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टर खळखळून हसल्या. "ताई, कसली सवय! तीन आठवडे नळीत निकोटीनच नाही. नुसती वेलदोड्याची वाफ ओढताय दोघं. नळीने तुमची नाडी वाचली आणि यांची मात्रा उतरवली. सोमवारी झडप बदलू."

श्रीधररावांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना राहवेना.

"सवय लागली असं वाटत होतं, तर थांबली का नाहीस?"

निर्मलाताईंनी पदराने डोळे पुसले.

"म्हटलं, त्या नळीने काही व्हायचंच असेल, तर दोघांचं मिळून होऊ दे."